भाईचाऱ्याची लाइन

“पकड़िए, पाटणकरजी, पकड़िए, टंकी जा रही है।”

शुक्लाजी त्यांच्या गच्चीवरून ओरडत होते आणि मी माझ्या गच्चीवर हजार लिटरच्या टाकीला मिठी मारून उभा होतो. टाकी रिकामी होती हे आधीच कबूल करतो, नाहीतर माझी बायको सुमन हे वाचून खाली लिहील. पण वारा... वारा असा की मी टाकीला धरलंय की टाकीनं मला, हे दोघांनाही सांगता येईना. शेवटी मी सोडली. टाकी शुक्लाजींच्या डोक्यावरून, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींना सलाम ठोकत, मागच्या रिकाम्या प्लॉटवर जाऊन उभी राहिली — आडवी नाही, उभी. तिच्या पाठोपाठ कुणाचा तरी पत्रा गेला, एक कूलर गेला आणि एक म्हैसही गेली असं मी कॉलनीत सांगतो. पण ती आपल्या पायांनी चालत गेली होती.

मंगळवारची संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. जागा — लखनौ, वृंदावन योजना नावाची कॉलनी, कोपऱ्यापासून तिसरं घर, तळमजला आणि वर गच्ची. चौथं घर शुक्लाजींचं. मध्ये छातीएवढी भिंत. जे घडलं ते या दोन घरांत आणि या एका भिंतीवर घडलं, म्हणून नकाशा नीट डोक्यात ठेवा.

भुताखेतांशी माझा कधी संबंध आला नाही. तीस वर्षं रेल्वेच्या विद्युत विभागात काढली, आता निवृत्त आहे. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेखाली ज्यानं संसार केला त्याला झाडावरची हडळ काय घाबरवणार... उलट तिनंच माझ्या गप्पा ऐकून झाड बदललं असतं. मी गोष्टी फुगवतो, मान्य आहे. कॉलनीत म्हणतात, पाटणकरजींचं बोलणं अर्धं ऐकायचं आणि त्यातलं अर्धं सोडायचं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. म्हैस तुम्ही खुशाल सोडा. पण शुक्रवारी दुपारचं जे सांगणार आहे त्यात मी चिमूटभर मीठ घातलेलं नाही, आणि नेमकं तेच कुणी ऐकून घ्यायला तयार नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे. आई गेल्यावर मिरजेहून आमच्याकडे आले. फुप्फुसं पार थकलेली, त्यामुळे चोवीस तास नाकाला नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं मशीन. लहान फ्रिजएवढं, हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं, दिवसभर म्हातारबाबासारखं सुस्कारे टाकणारं. ते विजेवर चालतं. वीज गेली की इन्व्हर्टर जेमतेम अडीच तास ओढतो. त्यानंतर एक छोटा सिलिंडर, तो एक रात्र काढतो. आणि हे तिन्ही नसेल तर दहा मिनिटांत अण्णांचे ओठ जांभळे होतात. एकदा पाहिलंय मी. पुन्हा पाहायचं नाही.

आता भाईचाऱ्याची लाइन. हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. इकडे विजेचे तीन फेज कधी एकदम नांदत नाहीत. माझ्या घरी एक फेज, शुक्लाजींच्या घरी दुसरा. माझी लाइट जाते तेव्हा त्यांची असते, त्यांची जाते तेव्हा माझी. म्हणून अकरा वर्षांपूर्वी आम्ही भिंतीवरून एक जाड वायर टाकली. तिची पिन त्यांच्या मागच्या गॅलरीतल्या सॉकेटमध्ये, दुसऱ्या टोकाला आमच्या अण्णांच्या खोलीत बोर्ड. आमच्याकडून त्यांच्याकडे जाणारी दुसरी वायर, तशीच. ज्याच्याकडे लाइट तो न मागता बटण दाबणार. नियमात बसत नाही, मला माहीत आहे, मी इंजिनियर आहे. पण गल्लीत सगळे असंच करतात, आणि शुक्लाजींनीच त्या वायरीचं बारसं केलं होतं — ‘भाईचारे की लाइन’.

मंगळवारी आँधीत मुख्य रस्त्यावरची निलगिरीची झाडं ओळीनं आडवी झाली. त्यातलं एक थेट ट्रान्सफॉर्मरच्या गळ्यात पडलं. तिन्ही फेज गेले. त्या रात्री इन्व्हर्टर संपला, सिलिंडर उघडला, पहाटे सिलिंडरही रिकामा झाला. आणि तेवढ्यात भिंतीपलीकडे धडधड सुरू झाली. शुक्लाजींनी त्यांचा जनरेटर कोठीतून बाहेर काढला होता. अण्णांच्या बोर्डावरचा लाल दिवा लागला. सुमननं देवापुढे हात जोडले, मी भिंतीपुढे.

खोटं का बोलू, दोन दिवस त्या माणसानं जीव लावला. स्वतःचा एसी बंद, फ्रिज बंद. संध्याकाळी भिंतीवरून वाकून विचारायचे, “अन्नाजी कैसे हैं?” जनरेटरला फक्त सकाळी दहा ते बारा विश्रांती. तेवढा वेळ आमचा इन्व्हर्टर, जो रात्रभरात त्यांच्याच लाइनवर भरलेला असायचा.

बुधवारीच मी म्हणालो होतो, “शुक्लाजी, मैं सिलेंडर भरवा लाता हूँ। रहेगा घर में।”

त्यांचा चेहरा पडला. “मतलब हम मर गए हैं क्या? हमारे रहते आप सिलेंडर ढोएँगे?”

“अरे नाही, वो तो बस...”

“पाटणकरजी, अन्नाजी की मशीन पहले, हमारा पंखा बाद में। अब सिलेंडर की बात की तो हम बुरा मान जाएँगे।”

आणि मी गेलो नाही. आता तुम्ही म्हणाल, बावीस वर्षं लखनौत काढून हा माणूस शिकला काय. बरोबर आहे. इथे तोंडावर ‘नाही’ म्हणत नाहीत, आणि ‘हो’ म्हणतात तेव्हा त्यात अत्तराचे चार थेंब जास्तच असतात, हे मी नव्या माणसांना स्वतः शिकवतो. पण आमच्या मिरजेकडचं रक्त असं की समोरचा ‘करतो’ म्हणाला की आपण हिशोब सोडून झोपायचं. मी झोपलो.

तरी शुक्रवारी सकाळी मनाला काहीतरी चावलंच. साडेदहाला जनरेटर विश्रांतीत, अण्णा इन्व्हर्टरवर. मी तो रिकामा सिलिंडर जुन्या चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पायांमध्ये ठेवला आणि मागच्या बोळातून निघालो. का? तर शुक्लाजींनी पाहिलं तर त्यांना वाईट वाटेल. बापाचा ऑक्सिजन मी चोरीच्या मालासारखा लपवून नेत होतो... शेजाऱ्याचं मन दुखू नये म्हणून. पुढच्या दारानं गेलो असतो तर तेव्हाच कळलं असतं.

तेलीबागेतल्या सिलिंडरवाल्यापर्यंतचा पंधरा मिनिटांचा रस्ता, दीड तास लागला. झाडांवरून स्कूटर उचलून नेली असं मी म्हणणार होतो, पण आज नको. दोन जणांनी मदत केली. दुकानावर ही रांग. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, चारपर्यंत ई-रिक्षानं पाठवतो. मी मनात म्हटलं, काय घाई आहे, बाराला जनरेटर चालू झालाच असेल.

दीड वाजता मागच्याच दारानं घरात आलो. मशीन सुस्कारे टाकत होतं. अण्णा उशाला टेकून कालचाच पेपर तिसऱ्यांदा वाचत होते. बोटाला लावलेल्या यंत्रावर त्र्याण्णव. सगळं ठीक.

सुमन म्हणाली, “साडेबाराला इन्व्हर्टरनं मान टाकली हो. मशीन शिट्टी मारायला लागलं, मी शुक्लांना हाक मारायला मागे पळणार तेवढ्यात बोर्डाचा दिवा लागला. मशीनची पिन त्या बोर्डात लावली, झालं चालू.”

“अर्धा तास उशिरा सुरू केला म्हणजे त्यांनी.”

“केला ना. तेवढं पुरे.”

मी पाणी प्यायलो. मग म्हणालो, “पण जनरेटरचा आवाज नाहीये.”

“तुमच्या कानात अजून रस्ता आहे,” सुमन म्हणाली.

अण्णा पेपरामागून म्हणाले, “मलाही येत नाहीये. शुक्लाला विचार, बिनआवाजाचा कुठून आणला. चांगला आहे.”

मी आभार मानायला पुढच्या दारानं बाहेर पडलो. शुक्लाजींच्या फाटकाला कुलूप होतं. साधं नाही, लग्नाला परगावी जाताना लावतात तसलं. समोर इस्त्रीवाला रामदुलारे कोळशाच्या इस्त्रीनं कपडे उरकत होता. सगळ्या कॉलनीत तेवढ्या एकाचा धंदा लाइटवाचून चालू होता.

“बाबूजी, ऊ तो दस बजे निकल गए,” तो म्हणाला. “सब लोग। जनरेटर भी लोडर पर लदवा लिए।”

“जनरेटर कहाँ ले गए?”

“समधी के हियाँ। उनके घर मेहमान आए हैं, बत्ती नाहीं है। बिटिया का फोन आवा रहा।” त्यानं इस्त्री उलटी ठेवली. “आपको बता के नहीं गए?”

मी म्हणालो, बता के गए, मीच विसरलो. हे मी का म्हणालो ते मला आजही कळलेलं नाही.

म्हणजे दहाला जी धडधड थांबली ती विश्रांती नव्हती. आमच्या भिंतीपासून चार पावलांवर त्यांनी जनरेटर उचलला, चार माणसांनी उचलला असणार, आणि कुणी भिंतीवरून वाकून दोन शब्द बोललं नाही. समधी म्हणजे मुलीचं सासर, नाही म्हणता येत नाही, हे मला समजतं. पण मला तरी ‘नाही’ म्हणता येत होतं ना त्यांना... म्हणायचं. मी बुधवारीच सिलिंडर भरला असता. पण त्यांना माझ्या तोंडावर नको म्हणवेना, म्हणून त्यांनी मला न सांगताच मारलं. अण्णांना मारलं म्हणायला हवं. पण अण्णा घरात पेपर वाचत होते.

इथपर्यंत नुसता राग होता. मग डोक्यात वीज चमकली — मशीन कशावर चाललंय?

गच्चीवर गेलो. तिथून शुक्लाजींची मागची गॅलरी पूर्ण दिसते. जनरेटरच्या जागी तेलाचा डाग आणि फरशीचा एक स्वच्छ चौकोन. बाजूच्या भिंतीवर सॉकेट, मोकळं. आमच्या वायरीची पिन सॉकेटमधून काढून, वायर नीट गुंडाळून, पुसायच्या बादलीत ठेवलेली. पिनेचे तिन्ही दात वर. मोबाइलमध्ये जीव होता तेवढ्यात मी फोटो काढला, मोठा करून पाहिला, डोळे पुसून पुन्हा पाहिला. भर दुपार होती. डोक्यावर ऊन असं की कावळ्यालाही सावली नको म्हणायची सोय नव्हती.

खाली येऊन टेस्टर काढला. वायरीला नुसता लावला की लाल होणारा, माझा जुना, रेल्वेतला. बोर्डाला लावला, लाल. खिडकीत वायरीला लावला, लाल. भिंतीवर चढून हात पोचेल तिथवर लावत गेलो, लाल, लाल, लाल. घरातल्या बाकीच्या सॉकेटना लावला, मेलेली. इन्व्हर्टरची बॅटरी मोजली, एक टॉर्चही पेटला नसता. दुसरी वायर, ती तर आमच्याकडून जाणारी. आजूबाजूच्या तीन घरांत विचारलं, कुणाकडे काही नाही. इंजिनियर म्हणून जेवढं सुचलं तेवढं सगळं तपासलं.

सुमनला बाजूला घेऊन सांगितलं. तिला वाटलं आँधीची गोष्ट अजून संपली नाही. मी म्हणालो, “गच्चीवर जाऊन ये.” ती गेली. खूप वेळानं आली. तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलं तेच होतं.

माझा हात आपोआप बोर्डाकडे गेला. पिन काढून परत लावायची, एवढंच. कुठलाही माणूस हेच करेल. तिनं माझं मनगट धरलं.

“काढू नका.”

“एकदा बघू तर दे. काय आहे ते कळायला नको?”

“तुम्हाला कळायला हवं म्हणून?” ती अण्णांकडे बघत हळू म्हणाली. “आणि परत नाही लागलं तर?”

मी हात मागे घेतला. तीस वर्षांत चालू यंत्रासमोर हात बांधून मी कधी बसलो नव्हतो. ॲम्ब्युलन्सला फोन केला, दोन्ही बाजूंनी झाडं पडलीत, तीन तास तरी लागतील म्हणाले. मग आम्ही दोघं फरशीवर बसलो, बोर्डाकडे बघत. वाजले होते सव्वादोन. त्या लाल दिव्याकडे मी जितका वेळ पाहिलं तितका वेळ मी लग्नात सुमनकडेही पाहिलं नसेल. पापणी हलवली की तो विझेल असं वाटायचं. खोलीत वास नाही, थंडावा नाही, पावलं नाहीत, सावली नाही. नुसतं मशीन चाललं होतं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं, तरी मी जागचा हललो नाही.

अण्णांनी मध्येच विचारलं, “असे काय बसलात दोघं? मी चाललोय का?”

“नाही हो अण्णा,” सुमन म्हणाली. “फरशी गार आहे.”

चारला दहा कमी असताना ई-रिक्षा आली. सिलिंडर मी एकट्यानं उचलून आणला, ही थाप नाही, त्या दिवशी मी सिलिंडरवाल्यालाही उचललं असतं. सुमननं नळी मशीनवरून काढून सिलिंडरला जोडली. सिलिंडरवरच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे सुरू झाले. आणि मशीननं लांब शिट्टी मारली... वीज गेल्यावर मारतं तीच. बोर्डाचा दिवा विझला. मी हात लावला नव्हता. सुमन दोन हात लांब होती. टेस्टर लावला. बोर्ड, खिडकी, भिंत — सगळीकडे मेलेला.

शनिवारी संध्याकाळी लाइट आली. आमचा मुलगा नोएडात असतो, त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पापा, capacitor में चार्ज बचा होगा।” जवळजवळ साडेतीन तास. मी म्हणालो, असल्या कपॅसिटरवर मी सगळी रेल्वे चालवून दाखवतो. तो हसला. “फिर शुरू हो गए आप।” सुमनला फोन दिला, तर ती म्हणाली, “हो रे, चाललं होतं खरं. मला नाही कळत त्यातलं.” मग विषय बदलून त्याच्या जेवणाचं विचारायला लागली. मला म्हणाली, “अण्णांसमोर हे काढू नका. त्या मशीनला घाबरले तर नळी लावू देणार नाहीत.” ते पटलं. म्हणून अण्णांना आजही माहीत नाही. वीजवाल्या दोस्तांना विचारलं, जुन्या साहेबांना विचारलं. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर लिहा. पण ‘अंगारा लावा’ लिहू नका, लावायचा कुणाला तेच ठरत नाहीये.

मला खरं तर त्या लाइनपेक्षा पुढचंच जास्त टोचतं.

रविवारी सकाळी शुक्लाजी आले. हातात दशहरी आंब्यांची पेटी. थेट अण्णांच्या खोलीत.

“अन्नाजी, कोई तकलीफ़ तो नहीं हुई?”

अण्णांनी त्यांचे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी. अण्णांचं हिंदी मिरजेच्या पुढे कधी आलेलं नाही. “शुक्लाजी, तुमने हमको वाचवलं. शुक्रवार को तुम्हारी लाइन नहीं होती तो हम गया था.”

मी दारात उभा होतो. शुक्लाजींनी माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण, पण त्या एका क्षणात त्यांना कळलं की काहीतरी झालंय, आणि मला कळलं की त्यांना कळलंय. मला वाटलं, आत्ता म्हणतील, ‘मी तर नव्हतोच.’ मी वाट पाहिली.

“अरे अन्नाजी,” ते म्हणाले, “यह तो हमारा फ़र्ज़ था।”

त्या संध्याकाळी कॉलनीच्या मंदिरात आँधीत कोणी कोणाला मदत केली याचं कौतुक झालं. पहिलं नाव शुक्लाजींचं. हार घातला. एका काकूंनी मला म्हटलं, ‘पाटणकरजी, ऐसा पड़ोसी नसीब से मिलता है।’ सुमननं माझा शर्ट मागून धरून ठेवला होता. मी बोललो असतो तरी काय... पाटणकरजींची आणखी एक गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भिंतीपाशी एकटं गाठलं. ते झाडांना पाणी घालत होते. मी मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि भिंतीवरून त्यांच्या हातात दिला.

“शुक्रवार, दो बजे का है,” मी म्हणालो. “आपने पिन खुद निकाली थी. बादली में रखी थी. आप यहाँ थे ही नहीं.”

त्यांनी पाइप खाली ठेवला. हात धोतराला पुसले. फोटो मोठा केला, बादली पाहिली, पिन पाहिली, रिकामं सॉकेट पाहिलं. मला वाटलं, आता माफी मागतील, किंवा घाबरतील तरी. मी दोन्हीला तयार होतो.

“बता के जाते,” मी म्हणालो. “बस इतना. मेरे पिताजी मर जाते, शुक्लाजी.”

त्यांनी मोबाइल परत माझ्या हातात ठेवला आणि पाइप उचलला.

“चल तो गई न।”